बेचाळीस साली, बेचाळीस मीटरवर

8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजी बोलायला बसले, तेव्हा त्यांच्यासमोर ध्वनिक्षेपक होता. तोवर ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती, की कुणी तिची दखलही घेतली नसेल. पण गांधीजींचा आवाज मुळात बारीक आणि बोलणे संथ. एका पिढीआधी असा वक्ता सभेच्या पहिल्या काही रांगांपलीकडे पोचणे कठीणच होते. त्या रात्री मात्र कनातीला टेकून उभ्या असलेल्या माणसालाही 'करेंगे या मरेंगे' हे शब्द कानाशी बोलल्यासारखे ऐकू आले.

पहाट उजाडायच्या आत धरपकड झाली. नेत्यांना व्हिक्टोरिया टर्मिनसवरून खास गाडीने हलवले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात. 9 तारखेला लोक मैदानावर जमले तेव्हा व्यासपीठावर बोलायला कुणीच उरले नव्हते. अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला आणि पोलिसांच्या अश्रुधुरात सभा पांगली. लोकांच्या हाती दोन-चार शब्दांचा मंत्र होता. उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे मात्र कुणीच सांगितले नव्हते.

सांगणार तरी कोण? सरकारने तयारी आधीच करून ठेवली होती. भारत संरक्षण नियमांखाली वर्तमानपत्रांवर हुकूम बजावला गेला, की आंदोलनाची बातमी सरकारी गोटातून, मान्यताप्राप्त वृत्तसंस्थेकडून किंवा नोंदणी केलेल्या बातमीदाराकडूनच आलेली असली पाहिजे. गांधीजींचे 'हरिजन' बंद झाले. 'नॅशनल हेरल्ड'सह अनेक पत्रांनी सरकारला विचारून छापण्यापेक्षा अंकच न काढणे पसंत केले. म्हणजे पुढारी तुरुंगात आणि छापखाना कुलपात. सरकारचा हिशेब सरळ होता. एका गावाला दुसऱ्या गावाचे कळले नाही, तर प्रत्येक गाव स्वतःला एकटे समजेल, आणि एकटे गाव फार दिवस भांडत नाही.

त्या हिशेबाला पहिली ठेच लागली ती खुद्द लंडनच्या आकाशवाणीमुळे. भारतमंत्री लिओ अमेरी यांनी धरपकडीचे समर्थन करण्यासाठी भाषण केले आणि काँग्रेसने काय काय कट रचला होता याची यादीच वाचली. कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळा-कॉलेजांत संप, वाहतूक रोखणे, तारा आणि टेलिफोनच्या वाहिन्या तोडणे, लष्करभरतीच्या केंद्रांवर निदर्शने. मंत्र्यांचे भाषण असल्यामुळे सेन्सॉरची कात्री तिथे चालण्याचा प्रश्नच नव्हता. ते रेडिओवरून आले आणि वर्तमानपत्रांतही छापले गेले. कार्यक्रमाच्या शोधात असलेल्या तरुणांना घरबसल्या कार्यक्रम मिळाला. काँग्रेसला जे देशभर कळवता आले नसते, ते सरकारी यंत्रणेने एका भाषणात कळवले, अशी नोंद आंदोलनाच्या अभ्यासकांनी करून ठेवली आहे.

मग लोक तारांच्या खांबांवर चढले. यात नुसता राग नव्हता, समज होती. 1857 साली बंडाची बातमी दिल्लीहून तारेने अंबाल्याला पोचली आणि पंजाबातले अधिकारी वेळीच सावध झाले. तार ही इंग्रजी राज्याची शीर आहे, हे लोकांच्या मनात तेव्हापासून बसले होते. तारकचेरी बहुधा टपाल कचेरीतच असे, तारेचे खांब रुळांच्या कडेने जात, आणि त्याच रुळांवरून फौज येई. 1943 अखेरपर्यंत 945 टपाल कचेऱ्या, 332 रेल्वे स्थानके आणि 208 पोलीस चौक्या उद्ध्वस्त झाल्या किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले, असे सरकारी आकडे सांगतात. टपाल कचेऱ्यांचा आकडा पोलीस चौक्यांच्या चौपटीहून जास्त आहे. लाठी मारणाऱ्या हातापेक्षा त्या हाताला निरोप पोचवणारी तार लोकांनी अधिक हेरली होती.

व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी 31 ऑगस्टला चर्चिलना कळवले, की 1857 नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याची व्याप्ती आपण आतापर्यंत जगापासून लपवून ठेवली आहे. झाकून ठेवणे हेच धोरण होते. त्याला उत्तर द्यायचे तर झाकण उचलावे लागणार होते.

*

झाकण उचलण्याचे पहिले साधन होते सायक्लोस्टाइल. मेण लावलेला पातळ कागद टंकलेखन यंत्रात घालायचा, शाईची फीत बाजूला करायची आणि अक्षरे नुसती ठोकायची. अक्षराच्या जागी मेण निघून बारीक भोके पडतात. तो कागद यंत्राच्या रुळावर चढवला, की शाई त्या भोकांतून खालच्या कोऱ्या कागदावर उतरते. छापखाना नको, खिळे जुळवणारे नकोत, परवाना नको. एका खोलीत रात्रीतून शेकडो प्रती निघतात आणि सकाळी यंत्र गोणपाटात गुंडाळून शेजाऱ्याच्या माळ्यावर टाकता येते. मुंबईत काँग्रेसची पत्रके अशी निघू लागली. पुढे अरुणा असफ अली आणि राममनोहर लोहिया यांनी 'इन्कलाब' हे भूमिगत मासिकही चालवले.

पण पत्रकाला पाय लागतात. एका हातातून दुसऱ्या हातात, एका आगगाडीतून दुसऱ्या आगगाडीत. प्रत्येक हात हा पोलिसांना सापडण्याचा एक धोका. बंगालमधली किंवा बिहारमधली बातमी मुंबईत पत्रकावर येईपर्यंत शिळी होई. हातांची ही साखळी टाळून थेट लोकांच्या घरात शिरता आले तर?

हा विचार ज्यांच्या डोक्यात आला त्यांत बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती. उषा मेहता, जन्म 1920 चा, सुरतजवळच्या सरस गावचा. वडील न्यायाधीश. आठ वर्षांची असताना ती सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात ओरडली होती. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन ती पुढे शिकत होती. तिच्यासोबत बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी आणि चंद्रकांत झवेरी होते. पैशाचा प्रश्न आला तेव्हा एका नातलग बाईंनी आपले दागिने पुढे केले. उषाबेननी ते घेतले नाहीत. बाबूभाईंनी पैसे उभे केले.

अडचण यंत्राची होती. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द करून त्यांची प्रक्षेपणाची यंत्रे जमा करायला लावली होती. नरिमन प्रिंटर हा तंत्रज्ञ अशांपैकीच एक. त्याने सुटे भाग जमवून प्रक्षेपक उभा केला. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी यांची मदत मिळाली. ज्या धंद्याने गांधीजींचा बारीक आवाज मैदानभर नेला, त्याच धंद्याच्या मदतीने आता मैदानाविना आवाज जायचा होता. शहरात असे आणखी काही गट खटपट करत होते. लोहियांनी संपर्क साधून त्यांची मोट बांधली. ऑगस्ट संपायच्या आत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. 42.34 मीटरच्या लहरीवर, हिंदुस्थानात कुठून तरी, एवढाच त्याचा पत्ता.

संध्याकाळी साडेआठच्या सुमारास सुरुवातीला 'हिंदोस्ताँ हमारा'ची तबकडी, मग हिंदुस्थानी आणि इंग्रजीत बातम्या, भाषण, शेवटी 'वंदे मातरम्'. बोलणाऱ्यांत स्वतः उषाबेन, लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस, कूमी दस्तूर. चितगावच्या बॉम्बहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची, बलियातल्या घडामोडींची खबर या रेडिओने दिली. आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या आष्टी-चिमूरचीही.

चिमूरची हकिकत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिथे 16 ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारानंतर जमाव बिथरला, सरकारी अधिकारी मारले गेले आणि मग फौज आली. फौजेने गावातल्या बायकांवर अत्याचार केले. पण तो जमाव आधी जागवला कुणी? तिथे ना रेडिओ होता ना पत्रक. त्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव घुमत होती आणि भजनांतून देशाची हाक जात होती. महाराजांनाही त्याच महिन्यात अटक झाली. म्हणजे चिमूर पेटले ते खंजिरीवर, आणि चिमूरवर काय गुदरले हे देशाला कळले ते लहरीवर. दोन्ही साधनांची कामे वेगवेगळी होती. चिमूरच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपास केला, तेव्हा त्या उपासाची बातमी छापायलाही सरकारने बंदी घातली. वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंक काढले नाहीत. छापता येत नाही तर न छापूनच बोलायचे, हा त्यांचा मार्ग.

आता प्रश्न पडतो, हे प्रसारण ऐकले किती जणांनी? त्या काळी सगळ्या देशात रेडिओचे परवाने लाख-दोन लाखांच्या घरात होते. खेड्यात यंत्र असलेच तर जमीनदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या माडीवर. हा आकडा लहान आहे, पण एका माडीवर ऐकलेले सकाळी पेठेत पोचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐकणाऱ्याला बातमीइतकाच त्या आवाजाचा धीर होता. इतकी धरपकड होऊनही कुणीतरी रोज ठरल्या वेळी बोलते आहे, अजून सापडलेले नाही, म्हणजे चळवळ जिवंत आहे, हे प्रसारण कानावर पडताच कळत होते. 'तू एकटा आहेस' हे सरकारला प्रत्येक गावाला पटवायचे होते. ते खोडायला रोजची ती थोडी मिनिटे पुरत.

एक श्रोता मात्र सर्वांत मन लावून ऐकत होता. पोलिसांचे लोक रोज ही प्रसारणे शब्दशः टिपून घेत. आज त्यांतला बराच मजकूर अभ्यासकांना वाचायला मिळतो तो त्या टिपणांमुळेच.

आणि या रेडिओला बातम्या कुठून येत? देशभरातून खास निरोपे येत, आणि मुंबईत भूमिगत चालणारी अखिल भारतीय काँग्रेस कमिटीची कचेरी बातम्या पुरवी. म्हणजे लहर आकाशातून जाई खरी, पण तिच्या तोंडी जे शब्द होते ते कुणीतरी पायी, टांग्याने, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून मुंबईत आणून दिलेले असत. हातांची साखळी टाळण्यासाठी काढलेला रेडिओ शेवटी त्याच साखळीवर जगत होता.

*

रेडिओचे बळ तेच त्याचे मरण. प्रक्षेपक बोलला की आपला ठावठिकाणा सांगतोच. पोलिसांच्या शोधगाडीवर कड्याच्या आकाराचा एरियल असे. तो फिरवत गेले की एका दिशेला आवाज अगदी मंद होतो, आणि त्यावरून प्रक्षेपकाची दिशा कळते. दोन ठिकाणांहून अशा दोन रेघा नकाशावर ओढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे तुमची इमारत. यावर उपाय एकच, थांबायचे नाही. चौपाटीवरून लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, तिथून सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भुवन, मग गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला. प्रत्येक वेळी नवी जागा भाड्याने घ्यायची, पेट्या हलवायच्या, एरियल बांधायचा.

शोधगाडी मागावर होतीच, पण शेवटचा पत्ता दिला तो माणसाने. 12 नोव्हेंबर 1942 ला नरिमन प्रिंटर पकडला गेला आणि फुटला. बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडल्याचे कळताच उषाबेन लोहियांना आणि इतरांना सावध करून आल्या. त्या रात्री प्रसारण टाळता आले असते. त्यांनी ते टाळले नाही. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी पॅराडाइज बंगल्यात होते. शेवटची तबकडी लागली होती, 'वंदे मातरम्' चालू होते, आणि दारावर धक्के बसू लागले. पोलीस दार फोडून आत आले. प्रक्षेपक, तबकड्या, काँग्रेसच्या अधिवेशनांची छायाचित्रे आणि बोलपट भरलेल्या 22 पेट्या, असा मुद्देमाल जप्त झाला. जेमतेम तीन महिन्यांचे आयुष्य संपले.

पुढे अनेक महिने चौकशी. परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवून झाले. उषाबेन काही बोलल्या नाहीत, न्यायालयातही त्यांनी उत्तरे द्यायचे नाकारले. तीन महिने जिचा आवाज सगळे सरकार शोधत होते, तिने आवाज हाती लागल्यावर मौन धरले. बाबूभाई खाकरांना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलभाई झवेरी आणि मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्याला गेल्या.

*

मुंबईत रेडिओ गप्प झाला त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात वेगळेच काही आकार घेत होते. त्या वेळच्या साताऱ्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही येई. सुरुवात तिथेही उघड मोर्च्यांनीच झाली. 3 सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर झेंडा लागला. पण 9 तारखेला वडूजला गोळीबारात नऊ जण पडले, 10 तारखेला इस्लामपूरला दोघे. मैदानात मोर्चा काढला की तो बंदुकीच्या टप्प्यात येतो, हे दोन दिवसांत कळून चुकले. कार्यकर्ते उसाच्या फडांत आणि डोंगरांच्या घळींत पांगले. 1943 मध्ये त्यातून प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी सरकारला समांतर असे लोकांचे सरकार, उभे राहिले.

इथे रेडिओ नव्हता. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील हे येडे मच्छिंद्रचे, एके काळचे तलाठी, सत्यशोधक चळवळीत तयार झालेले. त्या चळवळीने वीस-पंचवीस वर्षे आधीच जलशांतून या गावांना एकत्र बसून ऐकायची सवय लावली होती. तमाशाची बारी, पोवाडा, कीर्तन ही माध्यमे गावाला नवी नव्हती. शाहीर शंकरराव निकमांच्या डफावर गाव जमे आणि नाना रांगड्या बोलीत शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखे बोलत. त्यांच्यावर इनाम लावलेले असतानाही रात्री गावोगाव त्यांच्या सभा होत आणि उजाडायच्या आत वक्ता तिसऱ्याच गावात असे. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि त्यांची तुफान सेना, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, वाई-साताऱ्याकडे किसन वीर. प्रत्येक गट आपला आपण निर्णय घेणारा. निरोप तोंडी जाई. निरोप्याला पुढच्या एका माणसाचे नाव ठाऊक असे, त्यापलीकडचे नाही. टेहळणीला आणि शस्त्रे पोचवायला बायकाही होत्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई त्यांतल्याच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ आगगाडी अडवून पगाराचा पैसा लुटला गेला, 1944 च्या एप्रिलमध्ये धुळ्याकडे सरकारी खजिना. इतक्या माणसांचा बेत आणि आधी कुठे चकार शब्द बाहेर नाही.

तारा इथेही तुटल्या. पण तुटलेली तार चार दिवसांत जोडता येते, हे साताऱ्याच्या माणसांना लवकर उमगले. सरकारची खरी तार म्हणजे गावचा पोलीस पाटील. तालुक्याला जाणारी प्रत्येक खबर त्याच्या तोंडून जाई. प्रतिसरकारने पाटलांना राजीनामे द्यायला लावले, निदान तोंड बंद ठेवायला. ही तार एकदा तुटली की कलेक्टर साताऱ्याच्या कचेरीत आंधळा होऊन बसे. त्याला गाव दिसे, गावात काय चालले ते दिसत नसे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खबऱ्यांना झालेल्या शिक्षा भयंकर होत्या. प्रतिसरकारचे 'पत्री सरकार' हे नाव त्यातूनच लोकांच्या तोंडी बसले. गुपित टिकले ते केवळ प्रेमाने टिकले असे म्हणणे खोटे होईल, धाकही होता. पण नुसत्या धाकाने तीन वर्षे कुणी गाव धरून ठेवत नाही. न्यायदान मंडळे तंटे मिटवत होती, सावकारांना आळा बसला होता, हुंडा-मानपानाशिवाय लग्ने लागत होती. ज्या निरोप्याने रात्री आगगाडीचा बेत सांगितला, तोच दुसऱ्या दिवशी बांधाच्या तंट्याची तारीख सांगायला येई. त्यामुळे लोकांना ते जाळे आपलेच वाटत होते, आणि आपल्या जाळ्याची गाठ कुणी सहसा सोडत नाही.

मुंबईचा रेडिओ तीन महिने चालला, साताऱ्याची पायवाट 1946 पर्यंत. म्हणून रेडिओ वाया गेला असे मी म्हणणार नाही. साताऱ्याच्या निरोप्याला बलियाची खबर आणता आली नसती, आणि 42.34 मीटरच्या आवाजाला वडूजच्या एका घरात भूमिगताची भाकरी भाजता आली नसती. यंत्राने बातमीला वेग येतो आणि दूरदूरच्या माणसांना आपण पुष्कळ आहोत हे कळते. टिकायला मात्र एकमेकांना ओळखणारी, एकमेकांचे देणे लागणारी माणसे लागतात. यंत्राचा आवाज शोधगाडीला सापडतो, आणि बनवणारा एक माणूस फुटला की यंत्र जप्त होते. शेजाऱ्यांमधला विश्वास कोणत्या पेटीत भरून जप्त करणार?

आज एखाद्या जिल्ह्यात तणाव झाला, की प्रशासनाचा पहिला हुकूम इंटरनेट बंदीचा निघतो. तो बेचाळीसच्या वर्तमानपत्रांवरच्या हुकुमाचाच नातू आहे. अशा बंदीच्या दिवशी आपल्या हातात नुसता मोबाइल असेल, तर आपण वडूजच्या मोर्चाइतकेच उघड्यावर असू. मोबाइल बंद पडल्यावर कुणाच्या दारात जायचे, हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याच्यापुरते ते आंदोलन चालू राहते.

1946 साली उषा मेहता येरवड्यातून सुटल्या आणि त्याच वर्षी नाना पाटील कऱ्हाडला उघडपणे लोकांसमोर आले. नाना 1957 मध्ये लोकसभेवर निवडून गेले. उषाबेननी विल्सन कॉलेजात तीस वर्षे शिकवले. 9 ऑगस्ट 2000 ला, अंगात ताप असतानाही, ऐंशी वर्षांच्या उषाबेन गवालिया टँकच्या त्याच मैदानावर गेल्या. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.